पायदळाच्या सैनिकाच्या डोळ्यांपुढचा डिस्प्ले: भान वाढते की घटते?

दिशादर्शक

सर्वांना नमस्कार. पायी लढणाऱ्या सैनिकाच्या हेल्मेटवर बसवायच्या डिस्प्लेविषयी मी बरीच वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे एक मत तयार झाले आहे आणि ते येथील जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. अशा साधनाची परीक्षा घेताना ते सैनिकाला काय काय दाखवते ही यादी तूर्त बाजूला ठेवावी. ते त्याच्याकडून काय काढून घेते, म्हणजे कडेची नजर, अंधाराला सरावलेला डोळा, मानेची ताकद, लक्ष आणि वेळ, याचा हिशेब आधी मांडावा, असे मला वाटते.

परिस्थितीच्या भानाची जी मांडणी या क्षेत्रात आधाराला घेतली जाते ती मिका एन्डस्ली या संशोधिकेची, १९९५ सालची. तिच्यात तीन पायऱ्या आहेत: आजूबाजूला काय आहे ते टिपणे, त्याचा अर्थ लावणे, आणि आता पुढे काय घडेल याचा अंदाज बांधणे. डिस्प्ले बनवणाऱ्यांचा सगळा भर पहिल्या पायरीवर असतो. पायदळाच्या सैनिकाची पहिली पायरी मात्र आधीच त्याच्या डोळ्यांनी, कानांनी आणि पायांखालच्या जमिनीने भरलेली असते. पानांची सळसळ, कुत्र्याचे अचानक थांबलेले भुंकणे, रोज उघड्या असणाऱ्या खिडकीचे आज बंद असणे, या गोष्टी कोणत्याही नकाशावर उमटत नाहीत. डोळ्यांपुढच्या चित्रामुळे यातली एखादी गोष्ट निसटली, तर नकाशावर दहा खुणा वाढूनही त्याचे भान घटलेलेच असते.

ही भीती काल्पनिक नाही. नासाच्या संशोधकांनी १९८० मध्ये विमानांच्या हेड-अप डिस्प्लेवर (वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे दाखवणाऱ्या साधनावर) सिम्युलेटरमध्ये प्रयोग केले. उतरण्याच्या वेळी धावपट्टीवर दुसरे विमान उभे केले असताना, समोरच्या काचेवरच्या आकड्यांत गुंतलेल्या काही अनुभवी वैमानिकांना ते दिसलेच नाही. विमान त्यांच्या नजरेच्या रेषेतच होते, पण लक्ष आकड्यांवर होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने पायदळाच्या डिस्प्लेचा स्वतंत्र अभ्यास केला आणि त्यातही हाच इशारा दिला, की दूरची माहिती मिळवताना सैनिक जवळच्या परिसराला मुकू शकतो.

तरीही प्रयत्न थांबले नाहीत, आणि थांबू नयेत. अमेरिकेचा लँड वॉरियर प्रकल्प १९९० च्या दशकात सुरू झाला. एका डोळ्यापुढे छोटा डिस्प्ले, त्यावर नकाशा व सहकाऱ्यांच्या जागा, शिवाय रायफलवरच्या कॅमेऱ्याचे चित्र, अशी त्याची रचना होती. २००७ च्या फेब्रुवारीत लष्कराने तो रद्द केला. त्यानंतर आलेल्या नेट वॉरियरमध्ये डोळ्यापुढचा डिस्प्ले काढून टाकून छातीवर बांधायचा अँड्रॉइड फोन देण्यात आला. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण फोनकडे पाहायचे की नाही हे सैनिक स्वतः ठरवतो.

त्यानंतर आयव्हास, म्हणजे समोरच्या दृश्यावर संगणकीय माहिती दाखवणारे अमेरिकी लष्कराचे गॉगल, आले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टला नमुन्यांसाठी सुमारे ४८ कोटी डॉलरचा करार मिळाला. २०२१ च्या मार्चमध्ये १० वर्षांसाठी कमाल २१.८८ अब्ज डॉलरचा, सुमारे १,२०,००० संचांचा उत्पादन करार झाला. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या व्यावसायिक उपकरणाच्या पायावर नाइट व्हिजन, थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा, नकाशा, सहकाऱ्यांच्या जागा आणि ड्रोनचे चित्र असे सारे एकाच गॉगलमध्ये आणायचे होते. २०२२ मध्ये संरक्षण खात्याच्या चाचणी संचालनालयाने पहिल्या आवृत्तीची प्रत्यक्ष लढाऊ सरावात परीक्षा घेतली. बहुसंख्य सैनिकांना डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण, मान दुखणे, दिशाभ्रम यांपैकी किमान एक त्रास झाला. ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना तो तीन तासांच्या आत जाणवू लागला. मला सर्वात बोलका वाटलेला निष्कर्ष वेगळाच आहे: जोडीने करायच्या गोळीबाराच्या सरावात सैनिकांनी नव्या गॉगलने जुन्या साधनांपेक्षा कमी लक्ष्ये टिपली आणि तीही सावकाश. ज्या साधनाचा हेतूच आधी पाहणे आणि आधी टिपणे हा आहे, त्याच्याबाबत याहून गंभीर निष्कर्ष कोणता असू शकतो?

अमेरिकी काँग्रेसने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ६,९०० गॉगलांसाठी मागितलेले सुमारे ४० कोटी डॉलर नाकारले आणि नवी आवृत्ती घडवण्यासाठी ४ कोटी दिले. २०२५ च्या फेब्रुवारीत या प्रकल्पाची सूत्रे अँड्युरिल या कंपनीकडे सोपवण्याचे जाहीर झाले.

हे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. ते कोणत्या सैनिकाला, कोणत्या क्षणी आणि किती द्यावे, हा माझा प्रश्न आहे. प्रकाशशास्त्र, नेत्रवैद्यक आणि लष्कर या तिन्ही बाजूंचे सदस्य येथे आहेत, म्हणून अपेक्षेने लिहीत आहे.

प्रकाशतंतू

दिशादर्शक, मांडणी आवडली. मी प्रकाशीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून यंत्राच्या अंगाने काही भर घालतो.

पारदर्शक डिस्प्ले बहुधा वेव्हगाइडवर चालतो. पातळ काचेच्या एका टोकाला चित्राचा प्रकाश आत सोडतात, तो काचेच्या आतच परावर्तित होत पुढे सरकतो आणि डोळ्यासमोर सूक्ष्म खाचांच्या जाळीतून बाहेर पडतो. अडचण अशी की या जाळीतून सगळा प्रकाश डोळ्याकडेच येत नाही, त्याचा काही भाग पुढच्या बाजूलाही निसटतो. कार्यालयात किंवा कारखान्यात याने काही बिघडत नाही. अमावास्येच्या रात्री मात्र सैनिकाच्या चेहऱ्यावरची ही चमक समोरच्याला लांबून दिसते. आयव्हासच्या पहिल्या आवृत्तीच्या चाचण्यांत ती काहीशे मीटरवरून दिसत असल्याची तक्रार सैनिकांनी केली होती. चमक कमी करण्याचे उपाय आहेत, पण प्रत्येक उपायात चित्राची प्रखरता किंवा समोरच्या दृश्याची पारदर्शकता थोडीफार जाते.

दिवसा नेमकी उलटी अडचण येते. उन्हातला बर्फ दहा हजार निटहूनही (निट हे तेजाचे एकक) अधिक तेजस्वी असतो. त्यावर एखादी हिरवी खूण दिसायची असेल तर डिस्प्लेला हजारो निट प्रकाश द्यावा लागतो, नाहीतर पुढे काळी काच लावून समोरचे सगळे दृश्यच मंद करावे लागते. काळी काच लावलेला सैनिक उजेडातून अंधाऱ्या घरात शिरतो तेव्हा काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. 'शत्रू येथे आहे' अशी खूण प्रत्यक्ष दृश्यावर चिकटवायची, तर गॉगलला सैनिकाची जागा आणि त्याच्या डोक्याची दिशा दोन्ही अचूक ठाऊक असावी लागतात. जागा उपग्रहाकडून काही मीटरच्या चुकीने मिळते. दिशेसाठी चुंबकीय संवेदक आणि गायरो (वळणे मोजणारे संवेदक) असतात, पण चिलखती गाडी, लोखंडी गेट किंवा स्वतःची रायफल जवळ असली की चुंबकीय संवेदक बहकतो. दिशेत एक अंशाची चूक झाली तर ३०० मीटरवर खूण सुमारे ५ मीटर सरकते आणि तीन अंशांची झाली तर सुमारे १६ मीटर. गल्लीत १६ मीटर म्हणजे शेजारचे घर. कागदी नकाशावर सैनिक स्वतःच्या अंदाजाने थोडी ढील ठेवतो. डोळ्यांसमोरच्या घरावर लाल चौकट उमटली की ती ढील राहत नाही, कारण चौकट अंदाज म्हणून दिसत नाही, ती खात्री म्हणून दिसते.

नेत्रा

मी नेत्रतज्ज्ञ आहे. लष्कराशी माझा व्यावसायिक संबंध नाही. दिशादर्शक यांनी उल्लेख केलेल्या डोकेदुखी व मळमळीविषयी लिहिते, कारण ती 'सवयीने जाईल' असे अनेकदा गृहीत धरले जाते.

आपण जवळची वस्तू पाहतो तेव्हा दोन क्रिया एकत्र होतात: दोन्ही बुबुळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंग जवळच्या अंतरासाठी फुगते. आयुष्यभर या दोन क्रिया एकमेकींशी बांधलेल्या असतात. होलोलेन्स २ मध्ये चित्राचे केंद्रीकरण सुमारे २ मीटरवर स्थिर ठेवलेले आहे. अशा रचनेत ३०० मीटरवरच्या टेकडीवर खूण दाखवली, तर बुबुळे दूरच्या अंतरासाठी सरळ होतात, भिंगाला मात्र २ मीटरसाठी फुगावे लागते. फरक अर्ध्या डायॉप्टरचा (भिंगाच्या ताकदीच्या एककाचा) आहे, थोड्या वेळासाठी तो सहन होतो. पण खूण, टेकडी, हातातली रायफल, पुन्हा खूण अशी नजर तासन्‌तास फिरत राहिली की ताण साठत जातो.

मळमळीचे कारण वेगळे आहे. डोके वळल्याची बातमी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून मेंदूला लगेच मिळते. कॅमेऱ्यातून, संगणकातून, डिस्प्लेवरून येणारे चित्र थोडे मागून येते. जुन्या नाइट व्हिजनमध्ये प्रतिमा तीव्र करणारी नळी असते, तिच्यात असा विलंब जवळजवळ नसतो. डिजिटल नाइट व्हिजनमध्ये तो असतो, आणि तो थोडाच असला तरी धावताना शरीर त्याची नोंद घेते.

अंधाराला सरावणे ही तर हळूच होणारी क्रिया आहे. पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर प्रकाशाच्या काही क्षणांत तो मोडतो. गॉगल वर उचलून नुसत्या डोळ्यांनी पाहायची वेळ आली, तर डिस्प्लेचा उजेड पाहिलेला डोळा बराच काळ अधू असतो. एकाच डोळ्यापुढे डिस्प्ले ठेवला तर दुसरा डोळा वाचतो, पण मग दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू आलटून पालटून एकालाच मान देतो. अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना उजव्या डोळ्यापुढे असाच डिस्प्ले असतो, आणि त्यांच्यात डोकेदुखी व दृष्टीच्या तक्रारींचा अभ्यास अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधकांनी अनेक वर्षे केला आहे. ते वैमानिक दीर्घ प्रशिक्षणाने ही सवय लावून घेतात. पायदळातल्या प्रत्येक जवानासाठी तितका वेळ कोणते सैन्य देऊ शकेल, याविषयी मला शंका आहे.

जुना पायदळी

चर्चा वाचून राहवले नाही. मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आहे, सेक्शन सांभाळलेले आहे. तांत्रिक गोष्टी आपण मंडळी चांगल्या जाणता. मी फक्त रात्री सेक्शन कमांडरच्या डोक्यात काय चाललेले असते ते सांगतो.

सेक्शन दहा जणांचे. पुढे स्काउट, मग मी, माझ्या मागेपुढे रायफलवाले आणि एका बाजूला एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, जोडी. वेढा पडलेला आहे, घरांच्या रांगेपलीकडे दुसरी प्लाटून आहे, अंधार आहे आणि रेडिओवर कुजबुजीच्या वर आवाज काढता येत नाही. अशा वेळी मला शत्रू कुठे आहे याची जितकी काळजी असते तितकीच माझी स्वतःची माणसे या क्षणी कुठे आहेत याची असते. एलएमजीने जागा बदलली का? पलीकडची प्लाटून ठरलेल्या रेषेवर थांबली की पुढे सरकली? गोळी सुटली तर ती कुणाच्या दिशेने जाईल? या प्रश्नांचे उत्तर रेडिओवर विचारून मिळवायला मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांत उत्तर बदललेले असते. कोणी मला दोन सेकंदांत माझ्या माणसांच्या जागा दाखवील, तर मी थोडे वजन आनंदाने उचलीन.

पण माझ्या स्काउटच्या डोळ्यांपुढे मी काहीही लावू देणार नाही. त्याचे काम फक्त पाहणे आणि ऐकणे हे आहे. तारेचा तुकडा, उकरलेली माती, ओल्या गवतावरचा पाय. स्काउट थांबला की सगळे थांबतात, आणि तो का थांबला हे त्यालाही कधी कधी नंतर कळते. त्याचे लक्ष अर्धे करणे म्हणजे सेक्शनचे डोळे अर्धे करणे होय.

वजनाविषयीही लिहितो. हेल्मेटच्या पुढे काही टांगले की त्याचा भार मानेवर येतो. म्हणून बॅटरी मागे लावतात, तोल साधतो, पण एकूण वजन वाढतेच. पडून सरपटताना, मान वर करून पुढे पाहताना ते वजन कसे लागते हे ज्याचे जळते त्यालाच कळते. दिशादर्शक यांनी हिशेबात मानेची ताकद धरली याचे मला समाधान वाटले.

टॅकोमाकर

मी वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाजवळ राहतो. लुइस-मॅकॉर्ड तळ येथून जवळच आहे, आणि लँड वॉरियरच्या इतिहासाचा एक भाग याच तळाशी जोडलेला आहे. तो मूळ लेखात आला नाही, म्हणून येथे देतो.

प्रकल्प रद्द झाल्यावरही याच तळावरची ४थी बटालियन, ९वी इन्फन्ट्री ही तुकडी २००७ मध्ये ते संच घेऊन इराकमध्ये गेली. सुरुवातीला सैनिकांना ते अजिबात आवडले नव्हते, कारण संचाचे वजन सात किलोंच्या पुढे होते आणि त्यातले बरेच काही त्यांना नको होते. मग त्यांनी स्वतःच छाटणी केली. जे भाग उपयोगाचे नव्हते ते काढले, वजन खाली आणले, आणि प्रत्येकाला संच देण्याऐवजी तो मुख्यतः तुकड्यांच्या प्रमुखांना दिला. कोणत्या घराची झडती झाली आहे याची डिजिटल खूण नकाशावर ठेवायची आणि ती सर्व प्रमुखांना दिसायची, हा उपयोग तेथे रुजला. रद्द झालेल्या साधनाविषयी त्या तुकडीचे मत युद्धभूमीवर सुधारले.

म्हणून दिशादर्शक यांच्या मूळ भूमिकेशी मी बव्हंशी सहमत असलो तरी 'काय काढून घेते' हा हिशेब फक्त पहिल्या आवृत्तीवर मांडून थांबू नये असे मला वाटते. आयव्हासची १.२ ही आवृत्ती पाहा. तिच्यात डिस्प्ले बिजागरीने वर उचलता येतो आणि मागे तोल साधणारे वजन आहे. जुना पायदळी यांनी जे सांगितले तेच सैनिकांनी तेथेही सांगितले आणि रचना त्याप्रमाणे बदलली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी लष्कराने पुढच्या टप्प्यासाठी अँड्युरिल आणि रिव्हेट या दोन कंपन्यांना अनुक्रमे सुमारे १५.९ कोटी आणि १९.५ कोटी डॉलरचे करार दिले. एकाच कंपनीला २२ अब्जांपर्यंतचा करार आधीच देऊन टाकण्यापेक्षा ही पद्धत शहाणपणाची आहे. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्येच बजावले होते, की सैनिक हे साधन स्वीकारतील की नाही हे आधी न ठरवता खरेदी केली तर सारा खर्च वाया जाऊ शकतो.

शिवाय एका उपयोगाकडे सर्वांचेच दुर्लक्ष झाले आहे. स्ट्रायकरसारख्या चिलखती गाडीच्या पोटात बसलेल्या सैनिकांना बाहेरचे काहीही दिसत नाही. दार उघडते आणि ते एकदम अनोळखी जागी उतरतात. गाडीच्या बाहेरच्या कॅमेऱ्यांचे चित्र त्यांच्या गॉगलमध्ये दिले, तर उतरण्यापूर्वीच रस्ता कुठे आहे, भिंत कुठे आहे, गोळीबार कोणत्या बाजूने येतो आहे हे त्यांना कळते. येथे ऊन नाही, चमक दिसण्याची भीती नाही, चालायचे नाही आणि कडेच्या नजरेने पाहण्यासारखेही काही नाही. आपल्याच हिशेबाने पाहिले तर येथे डिस्प्ले जवळजवळ काहीच काढून घेत नाही.

दिशादर्शक

टॅकोमाकर, गाडीतल्या सैनिकांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि तो माझ्या मूळ मांडणीला अधिक नेमकी करतो. जेथे डोळ्यांना पाहण्यासारखे काही नाही तेथे डिस्प्ले निव्वळ लाभ देतो.

त्याच न्यायाने नाइट व्हिजनही वेगळे काढले पाहिजे. काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना जे दिसतच नाही ते दाखवणारा गॉगल काही झाकत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फोर्ट रायली तळावरील तुकडीला प्रथम दिले गेलेले ईएनव्हीजी-बी हे दोन डोळ्यांचे गॉगल मला या सर्व प्रवासातले सर्वात यशस्वी पाऊल वाटतात. त्यांत प्रतिमा तीव्र करणाऱ्या नळ्या कायम ठेवल्या आहेत आणि थर्मल चित्र त्यांवर मिसळले आहे, त्यामुळे झुडपाआडचा माणूस उष्णतेने उठून दिसतो. रायफलवरच्या थर्मल दुर्बिणीचे चित्र बिनतारी गॉगलमध्ये येते, म्हणून डोके आडोशामागे ठेवून फक्त रायफल कोपऱ्यातून पुढे काढून नेम धरता येतो. नकाशा, खुणा वगैरे त्यांतही आणता येतात, पण त्यांचा पाया दृष्टीचा आहे. आयव्हासने संगणकापासून सुरुवात केली आणि दृष्टी त्यात बसवायचा प्रयत्न केला. कमी उजेडात त्याचे चित्र निकृष्ट असल्याची सैनिकांची तक्रार त्यातूनच आली असावी असे माझे मत आहे.

जुना पायदळी साहेब, एक विचारतो. आपल्याला सहकाऱ्यांच्या जागा डोळ्यांपुढे हव्यात की छातीवरच्या फोनवर चालतील?

जुना पायदळी

फोन पाहायचा तर मान खाली घालावी लागते, हात रायफलवरून काढावा लागतो आणि फोनचा उजेड झाकावा लागतो. थांबलेलो असताना, आडोशाला, फोन उत्तम. हलत असताना मला डोळ्यांपुढे हवे, पण एका बटणाच्या दाबाने दोन सेकंद दिसून आपोआप जाणारे. सतत तरंगणाऱ्या खुणा नकोत. आणि ते बटण हातमोज्यातून दाबता आले पाहिजे.

उत्तररात्र

भारतीय संदर्भ अजून कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे एफ-इन्सास, म्हणजे भविष्यातील पायदळी सैनिकाची एकत्रित साधनरचना, ही कल्पना २००० च्या दशकात पुढे आली. शस्त्र, संरक्षण, दृष्टी, संपर्क आणि संगणक हे सारे एकाच रचनेत गुंफायचे होते. २०१५ च्या सुमारास लष्कराने ही एकसंध कल्पना सोडून शस्त्र व संरक्षण एका बाजूला आणि रणांगण व्यवस्थापन प्रणाली दुसऱ्या बाजूला अशी फोड केली. ती प्रणाली खर्चाच्या प्रश्नावर अडली व पुढे बंद झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी एफ-इन्सास लष्कराकडे सुपूर्द केली तेव्हा तिच्यात एके-२०३ रायफल, हेल्मेट, गोळीरोधक जाकीट आणि संपर्क साधने असा संच होता.

माझ्या मते ही फोड योग्य होती, आणि आता घाईने आयव्हाससारखे काही उभारू नये. आपला पायदळी सैनिक सियाचीनच्या हिमात असतो, पूर्वांचलच्या पावसाळी जंगलात असतो आणि राजस्थानच्या वाळूतही असतो. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटते, श्वासाच्या वाफेने काच धुरकटते. डेहराडूनची आयआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी नाइट व्हिजनमध्ये अनेक वर्षे काम केले आहे, आता बंगळूरच्या टोन्बो इमेजिंगसारख्या खासगी कंपन्याही थर्मल उपकरणे बनवतात. पैसा पहिल्यांदा येथे जावा. प्रत्येक सेक्शनला चांगली रात्रदृष्टी मिळाल्यानंतरच सेक्शन कमांडरच्या डिस्प्लेचा विचार व्हावा.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक सैनिकाची जागा इतरांना दिसायची तर प्रत्येक सैनिकाने ती रेडिओवरून प्रसारित करायला हवी. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी रेडिओलहरींचा माग काढून तोफा व ड्रोन पाठवल्याचे आपण वाचतो आहोत. उपग्रहाचे संकेतही तेथे सर्रास जाम केले जातात. म्हणजे ज्या शत्रूशी सामना होईल तोच या डिस्प्लेचे दोन्ही आधार काढून घेऊ शकतो. अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमेत हा धोका बराच कमी आहे, सीमेवरच्या युद्धात मात्र तो पहिल्या तासापासून असेल.

प्रकाशतंतू

उत्तररात्र यांनी युक्रेनचा विषय काढला तेव्हा एक विचार मनात आला. त्या युद्धात डोक्यावरच्या डिस्प्लेने खरोखर मोठा फरक घडवला आहे, पण तो या धाग्यातल्या प्रकारचा नाही. एफपीव्ही ड्रोन (ड्रोनवरच्याच कॅमेऱ्यातून पाहत चालवायचे ड्रोन) चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरचा गॉगल हादेखील डोक्यावर बसवलेला डिस्प्लेच आहे. तो पारदर्शक नाही. त्याने घालणाऱ्याचे डोळे पूर्ण झाकले जातात आणि त्याला काही किलोमीटर दूरच्या ड्रोनची नजर मिळते. म्हणून असा चालक तळघरात किंवा खंदकात बसतो आणि त्याच्या शेजारी सहकारी असतो, जो आकाशाकडे, रेडिओकडे आणि नकाशाकडे लक्ष देतो. तेथील सैन्याने कामाची वाटणी केली: एकाने दूरचे पाहायचे, दुसऱ्याने जवळचे. आयव्हासची मूळ अपेक्षा एकाच माणसाने दोन्ही करावे अशी होती.

यावरून मला वाटते की सेक्शनमध्येही ड्रोनचे चित्र पाहणारा माणूस वेगळा असावा आणि त्याने सेक्शन कमांडरला तोंडी, मोजक्या शब्दांत सांगावे. कमांडरच्या डोळ्यांपुढे हलते चित्र कधीही नको.

नेत्रा

डोळ्यांऐवजी त्वचेचा उपयोग करण्याचे प्रयोगही झाले आहेत, त्यांची नोंद येथे असावी. कमरेच्या पट्ट्यात छोटी कंपन करणारी यंत्रे बसवतात आणि ज्या दिशेला जायचे त्या बाजूचे यंत्र थरथरते. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेने व नेदरलँड्समधील संशोधकांनी यावर काम केले. रात्री, उंचसखल भागात सैनिकांना अशा पट्ट्याने डोळे आणि हात मोकळे ठेवून वाट काढता आली. 'कोणत्या दिशेला' या एका प्रश्नासाठी डिस्प्लेची गरज कदाचित उरणारच नाही. अर्थात सहकाऱ्यांच्या जागा कंपनाने सांगता येणार नाहीत.

टॅकोमाकर

प्रकाशतंतू, आपले म्हणणे बऱ्याच अंशी पटते, पण 'कधीही नको' इतके ठाम मी म्हणणार नाही. घराच्या दारापाशी थांबलेल्या कमांडरला आतल्या खोलीचे पाच सेकंदांचे चित्र पाहायला मिळाले, तर ते तोंडी वर्णनापेक्षा खूप काही सांगते. माणूस कोणत्या कोपऱ्यात आहे, मूल आहे का, दार कोणत्या बाजूला उघडते. थांबलेल्या क्षणी चित्र आणि हलताना काहीच नाही, असा नियम यंत्रातच घालता येईल. चाल सुरू झाली हे गॉगलमधल्या संवेदकाला कळतेच.

जुना पायदळी

हा नियम चांगला आहे, पण त्यात एक दुरुस्ती हवी. चाल सुरू झाली की चित्र आपोआप जावे, हे बरोबर. मात्र चाल थांबली की ते आपोआप परत येऊ नये. सैनिक बहुतेक वेळा काहीतरी जाणवले म्हणून थांबतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला समोरचे स्वच्छ दिसायला हवे असते. परत आणायचे ते त्याने स्वतः बटण दाबूनच.

दिशादर्शक

ही दुरुस्ती मला अत्यंत मोलाची वाटते आणि मी ती माझ्या टिपणात जशीच्या तशी घेत आहे. प्रकाशतंतू, यंत्राच्या दृष्टीने अडचण काय येईल? चित्र विझवायला लागणारा वेळ आणि वेव्हगाइडमधून बाहेर जाणारी चमक, दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणता येतील का?

प्रकाशतंतू

हो, त्यात मूलभूत अडचण नाही. प्रकाशस्रोत बंद केला की काचेत प्रकाश उरत नाही, आणि हे काही मिलिसेकंदांत होते. खरा खर्च वेगळ्या ठिकाणी आहे. बटण दाबताक्षणी खुणा योग्य जागी दिसायच्या, तर डिस्प्ले बंद असतानाही संवेदक व संगणक जागे ठेवून डोक्याची दिशा सतत मोजावी लागते. म्हणजे चित्र दोन सेकंदच दिसले तरी बॅटरी पूर्ण वेळ खर्च होत राहते. मी फक्त आराखड्यासारखा वरून पाहिलेला नकाशा दाखवीन, ज्यात स्वतःची व सहकाऱ्यांच्या जागा ठिपक्यांनी दिसतील, आणि दृश्यावर चिकटणाऱ्या खुणा सोडून देईन. मग दिशेची मोजणी अधूनमधून केली तरी भागते, एक-दोन अंशांच्या चुकीने कोणाच्या घरावर चौकट उमटत नाही, आणि एका बॅटरीवर रात्र निघू शकते.

जुना पायदळी

मला ठिपकेच पुरेत. एलएमजीचा ठिपका वेगळ्या आकाराचा ठेवा. रंगाने वेगळा नको, रात्री रंगावर भरवसा ठेवता येत नाही. आणि ज्याचा संकेत तुटला आहे त्याचा ठिपका पुसू नका, शेवटच्या जागेवर पोकळ वर्तुळ दाखवा आणि किती मिनिटांपूर्वीचे आहे तो आकडा शेजारी लिहा. माणूस नकाशावरून नाहीसा झाला की कमांडरला वाटते तेथे कोणी नाही, आणि तो त्या बाजूला गोळीबाराचा हुकूम देऊ शकतो.

टॅकोमाकर

हा मुद्दा अमेरिकी अनुभवालाही धरून आहे. १९९१ च्या आखाती युद्धात लढाईत मारल्या गेलेल्या सुमारे दीडशे अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण स्वतःच्याच सैन्याच्या माऱ्यात गेले. मित्रदलाच्या जागा दाखवणाऱ्या प्रणालींवर त्यानंतर जो जोर दिला गेला त्यामागे हा आकडा आहे. पोकळ वर्तुळ आणि मिनिटांची सूचना मी येथील ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यापुढे ठेवतो, आणि त्यांचे म्हणणे याच धाग्यात कळवतो.